आजोबांची गाडी आणि माझा राजाबाई टॉवर

आपल्या घराण्यात मधुमेह नाही, रक्तदाब नाही, अकाली टक्कलही नाही. गाडी जमिनीला टेकवण्याचा रोग तेवढा आहे. तो एक पिढी वगळून येतो, हे मला निखिलने पाठवलेला फोटो पाहून कळलं.

फोटोत निखिल उभा आहे आणि त्याच्या मांडीपर्यंत पोचेल न पोचेल अशी त्याची गाडी आहे. सोबत लिहिलंय, "आजी, गाडी आणखी खाली घेतली. आता नवीन सस्पेन्शन घालतोय. मग वळणावर बघ कशी चालते!" त्याखाली त्याच्या बहिणीने, मीराने, लिहिलंय, "आजी, तू तरी याला काहीतरी सांग ना." म्हणून सांगते. मी शिस्तीची बाई आहे (तुमची आई या गुणाला दुसरा शब्द वापरते), तेव्हा पहिल्यापासून सांगते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही भांडुपला, आग्रा रोडपासून जरा आत, एका सोसायटीत तळमजल्यावर राहायचो. घरात तुमचे आजोबा, मी, माझ्या सासूबाई आणि आजोबांची धाकटी बहीण शालू. तुमचे बाबा तेव्हा पाळण्यात होते, त्यामुळे या प्रकरणात ते एकटेच निर्दोष.

आजोबा विक्रोळीच्या एका कारखान्यात पाण्याचे पंप तपासायचे. दिवसभर पंपांत खोट काढून झाली की संध्याकाळी घरी येऊन आमच्यात काढायचे. आमच्याकडे एक जुनी निळी गाडी होती. गाडी बिचारी साधी होती. बसलं की चालायची, उतरलं की थांबायची. पण आजोबा एकदा कुणाच्या तरी ओळखीने मोटारींच्या शर्यती बघायला गेले आणि परत आले ते 'गुरुत्वमध्य' हा शब्द घेऊनच.

रात्री जेवताना त्यांनी मिठाची उंच बाटली ताटात उभी केली आणि ताट गर्रकन वळवलं. बाटली आडवी झाली. मग लोणच्याची बसकी वाटी ठेवून ताट वळवलं. वाटी पडली नाही.

"कळलं?" आजोबा विजयी मुद्रेने म्हणाले. "गाडी जितकी खाली, तितकी वळणावर भक्कम! गुरुत्वमध्य!"

"कळला," सासूबाई म्हणाल्या. "आमटीत मीठ पडला, ता कळला."

पुढच्या रविवारी आजोबा गाडी घेऊन वाकोल्याला गेले. तिथे फ्रान्सिस नावाचा मेकॅनिक होता. गाडीचं अंग आणि तिची चाकं यांच्यामध्ये स्प्रिंगा असतात. फ्रान्सिसने त्या कापून आखूड केल्या. संध्याकाळी गाडी परत आली तेव्हा मला वाटलं, चाकं काढून आणली. शेजारचे तावडे वरच्या गॅलरीत बनियनवर उभे होते (ते कायमच गॅलरीत बनियनवर उभे असत). त्यांनी वरून विचारलं, "काय साहेब, गाडी खचली का? खाली ड्रेनेज आहे हां तिथे!"

त्या दिवसापासून आमच्या घरातल्या बायकांना चालण्याचा व्यायाम सुरू झाला. कारण गाडीत चार माणसं बसली की तिचं पोट रस्त्याला लागायचं, आणि भांडुपात तर पावलागणिक गतिरोधक. सोसायटीच्या फाटकात एक, शाळेपाशी एक, देवळापाशी एक. आणि एका डॉक्टरांनी स्वतःच्या दवाखान्यासमोर स्वखर्चाने केलेला एक. गतिरोधक आला की आजोबा म्हणायचे, "उतरा." आम्ही उतरायचो. गाडी एकटी, ऐटीत, तिरकी तिरकी होत पलीकडे जायची. आम्ही मागून चालत जाऊन पुन्हा बसायचो. बूड टेकतं न टेकतं तोच पुढचा गतिरोधक! पेट्रोल गाडीचं जळायचं आणि पाय आमचे दुखायचे. गुरुत्वमध्य म्हणजे नेमकं काय, असं मला कुणी आज विचारलं तर मी सांगेन: जो सांभाळण्यासाठी पुरुष गाडीत बसतो आणि बायका चालतात, तो.

"रे झिला," सासूबाई एकदा देवळापाशी उभ्या राहूनच म्हणाल्या, "गाडी घेतलंस ती बसाक, काय तिच्या मागसून चलाक?"

"आई, वळणावर बघ ना कशी चालते!"

"वळणापर्यंत बसाक तरी दी!"

तावडे रोज संध्याकाळी वरून ओरडायचे, "काय वहिनी, आज गाडीला फिरायला नेलं होतं वाटतं?"

आता शालूच्या लग्नाकडे येते, कारण खरी ठेच तिथे आहे. शालूचं लग्न ठाण्याच्या मुकुंदाशी ठरलं. मुलगा चांगला, माणसं चांगली. फक्त त्यांच्या आत्याबाई. साखरपुड्यात आत्याबाईंनी आमच्या घरावरून एक नजर फिरवली आणि म्हणाल्या, "मुलीकडे रुखवताची फारशी हौस दिसत नाही. असू दे. आमच्या सुनांनी दोन-दोन टेबलं भरून आणली होती, पण असू दे."

रुखवत म्हणजे, निखिल, लग्नाच्या हॉलमध्ये मुलीकडचे लोक टेबलावर गोडधोड आणि कलाकुसर मांडून ठेवतात ते. लाडवांच्या राशी, साखरेची तुळस, खोबऱ्याची फुलं. पाहुणे येतात, बघतात, "कुणी केलं?" विचारतात. आणि करणारी लाजून म्हणते, "काहीतरीच, वेळ कुठे होता!" त्या एका वाक्यासाठी ती महिनाभर राबलेली असते.

त्या 'असू दे'ने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शालूचंही तोंड एवढंसं झालं होतं. मी तिला म्हटलं, "शालू, असं रुखवत करते की तुझ्या आत्याबाईंचा आ वासलेला राहील."

"वहिनी, लाडू कर गं साधे," शालू म्हणाली.

"लाडू आई करतील. मी राजाबाई टॉवर करणार आहे."

आता तुम्ही विचाराल, टॉवरच का? कारण मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. ज्या विद्यापीठात मी शिकले तिथे तो घड्याळाचा टॉवर उभा आहे, आणि घरातल्या सगळ्यांना त्याची आठवण करून द्यायची एकही संधी मी सोडत नसे. शंकरपाळ्यांच्या विटा, साखरेच्या घट्ट पाकाचा गारा, खोबऱ्याच्या वड्यांचे मजले, चारोळीच्या खिडक्या. आणि वर घड्याळाच्या जागी खरं घड्याळ! बी.ए. झाले तेव्हा माझ्या वडिलांनी दिलेलं सोन्याच्या काठाचं इवलंसं मनगटी घड्याळ, पट्टा काढून मी पाकात बसवलं. ते चालू होतं! खाली पुठ्ठ्याची पाटी, वळणदार अक्षरात: 'राजाबाई टॉवर'. टॉवर गाडीच्या मागच्या सीटवर छताला न लागता बसेल एवढाच उंच ठेवला होता, टेपने मोजून.

"ह्या खातत काय बघतत?" सासूबाईंनी विचारलं.

"बघतात, आई. ही कला आहे."

"बरा. मी लाडू करतंय. ते खातत."

इकडे मी टॉवरचे मजले चढवत होते आणि तिकडे आजोबांच्या डोक्यात दुसरा मजला चढत होता. खाली घेतलेली गाडीही वळणावर थोडी कलते, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांचा मावसभाऊ प्रभाकर जहाजावर होता. त्याला त्यांनी कळवलं आणि तो एका बॅगेत अत्तर, साबण आणि टेपरेकॉर्डरच्या मध्ये गाडीचे भाग घेऊन अवतरला. आखूड, जाड, काळ्याकुट्ट स्प्रिंगा. धक्के गिळायचे, गॅस भरलेले शॉक-अब्सॉर्बर. आणि दोन चाकांना जोडणारा एक जाडजूड दांडा. विमानतळावर विचारलं, हे काय आहे, तर प्रभाकरने म्हणे शांतपणे सांगितलं, "मावशीच्या गुडघ्यांसाठी."

"लग्न तोंडावर आलंय," मी म्हटलं. "हे नंतर नाही का होणार?"

"अगं, लग्नासाठीच तर! तुझा टॉवर न्यायचाय ना? गाडी कलली तर टॉवर कलेल. गाडी कललीच नाही तर?" असं म्हणून आजोबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू ते सगळं माझ्यासाठीच चाललंय. आणि मी (इंग्रजी घेऊन बी.ए.) विरघळले.

रविवारी फ्रान्सिस आला. सोसायटीच्या अंगणात गाडी विटांवर चढवली. त्याच अंगणात, चार पावलांवर, सासूबाईंनी लग्नाच्या कुरडया वाळत घातल्या होत्या. आणि तावडे अर्थातच वर.

"साहेब, टेन्शन नाय घ्यायचं," फ्रान्सिस म्हणाला. "ही स्प्रिंग बसली ना, गाडी रोडला अशी चिकटेल... पाल बघितली ना? पाल! तशी."

"माझी नणंद पालीत बसून जाणार नाही," मी म्हटलं.

"बाय, बोलायची पद्धत हाय ती."

नवी स्प्रिंग इतकी कडक होती की दाबल्याशिवाय जागेत जाईना. दाबायचं खास यंत्र लागतं. ते फ्रान्सिसने वाकोल्यालाच ठेवलं होतं. आजोबा म्हणाले, "दोरीने आवळू." फ्रान्सिस म्हणाला, "आवळू." कपडे वाळत घालायची माझी नायलॉनची दोरी गेली. त्यांनी स्प्रिंग दाबली, आवळली, गाठ मारली आणि दोघांनी एकमेकांकडे पाहून मान डोलावली. तेवढ्यात गाठ सुटली. स्प्रिंग जी उडाली ती फ्रान्सिसच्या कानाशेजारून, आजोबांच्या टोपीवरून, एक उंच कमान घेऊन थेट कुरडयांच्या मधोमध जाऊन बसली!

सासूबाई आतून धावत आल्या. पसरलेल्या कुरडयांत ते काळं वेटोळं बघून थबकल्या.

"गे सूनबाय, ही कुरडय कोणी घातल्यान? जळली मगे!"

"आजी, तळू नका, कडक हाय!" वरून तावडे.

अखेर संध्याकाळपर्यंत सगळं बसलं. कसं बसलं ते मी पाहिलं नाही. आवाजावरून वाटत होतं की अंगणात कुणीतरी देऊळ पाडतंय. विटा काढल्या. गाडी खाली आली, आणि खालीच येत राहिली. पूर्वीपेक्षा दोन बोटं आणखी खाली! फ्रान्सिसने बॉनेटवर चढून उडी मारली. गाडी हललीच नाही.

"बघितलं?" आजोबांचे डोळे भरून आले होते. "जराही हलत नाही!"

कुठल्याही वाहनात न हलणं हा गुण की अवगुण, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. पण मी कुठे विचारणार, मी परीक्षा घ्यायच्या तयारीत होते. टॉवर सोपवायचा म्हणजे चाचणी हवी, लेखी नाही तर प्रात्यक्षिक! मी ठरवलं: पाण्याचा काठोकाठ भरलेला पेला बशीत घेऊन मी मागे बसणार, आणि एक थेंब सांडला तरी टॉवर या गाडीतून जाणार नाही.

सकाळी आम्ही हायवेवर गेलो. भांडुप ते विक्रोळी, रस्ता नुकताच केलेला, गुळगुळीत. आजोबांनी वेग वाढवला. मोठं वळण आलं. इतर गाड्या कलल्या. आमची अजिबात नाही. सासूबाई एरवी अशा वळणावर माझ्या मांडीवर येत, त्या जागच्या जागी. पाणी पेल्यात शांत. मला तर ते थोडं शिष्टही वाटलं.

"पास?" आजोबांनी आरशातून विचारलं.

"पास," मी म्हटलं.

येताना हायवे सोडून आत वळलो आणि पहिल्याच खड्ड्यात सगळं पाणी उसळून माझ्या तोंडावर आलं. पेला रिकामा, बशी शाबूत. शालू म्हणाली, "वहिनी, हे कशात धरायचं?" मी पदराने तोंड पुसत म्हटलं, "चाचणी हायवेवर होती. हे अभ्यासक्रमाबाहेरचं."

लग्नाचा हॉल मुलुंडला. भांडुपहून मुलुंड म्हणजे तेव्हा पुढचंच स्टेशन; पण त्या दिवशी ते मला विलायतेइतकं लांब वाटलं. निघताना सासूबाईंनी लाडवांचे डबे उचलले आणि रिक्षा थांबवली.

"आई, गाडीत या ना!" आजोबा म्हणाले.

"माझे लाडू मी रिक्षातसून नेतंय. त्यांका गुरुत्वमध्य नाय," असं म्हणून रिक्षा गेलीसुद्धा.

गाडीत आजोबा, आणि मागे मी आणि शालू. शालू जरीच्या पिवळ्या साडीत, कपाळाला मुंडावळ्या. आमच्या दोघींच्या मध्ये, उशांच्या आधाराने, राजाबाई टॉवर. घड्याळ टिकटिकत होतं.

"हायवेने नेतो," आजोबा म्हणाले. "भुर्रकन पोचू."

"मुळीच नाही," मी म्हटलं. "हायवेवर तुमच्या अंगात येतं. आग्रा रोडने चला आणि अगदी हळू. सायकलवाला पुढे गेला पाहिजे, इतकं हळू."

"अगं, ही गाडी वेगासाठी..."

"टॉवर वेगासाठी केलेला नाही!"

तुम्हांला एक शास्त्र सांगते, जे मला त्या दिवशी कळलं. कडक स्प्रिंगांची गाडी गुळगुळीत रस्त्यावर, वेगात, महाराणीसारखी चालते. तिलाच खड्ड्यांतून हळू चालवलं की ती रस्त्यातला प्रत्येक खडा नावानिशी सांगते. आणि आग्रा रोड त्या उन्हाळ्यात कसल्यातरी तारा टाकायला खणून, मनाला येईल तसा बुजवलेला होता.

सोसायटीच्या फाटकात गतिरोधक. "उतरा," आजोबा म्हणाले. नवरी उतरली, मी उतरले, टॉवर दोघींनी ताटासकट उचलून उतरवला. गाडी पलीकडे गेली. आम्ही पुन्हा बसलो. शाळेपाशी पुन्हा "उतरा!" रस्त्यावरचे लोक जमले. मुंडावळ्या बांधलेली नवरी हातात मिठाईचा मनोरा घेऊन गाडीमागून चालतेय, हे दृश्य भांडुपातही रोजचं नव्हतं.

"ए नवरी, पळून चाललीस काय?" एक भाजीवाली ओरडली.

"पळाले असते तर पोचले असते!" शालूने तिला तिथल्या तिथे सुनावलं.

मग आग्रा रोड लागला. धाड! पहिल्या खड्ड्याला चारोळीच्या सगळ्या खिडक्या एकदम गळाल्या. धाड! खालच्या मजल्याच्या वड्या सरकल्या.

"हळू!" मी किंचाळले.

आजोबांनी आणखी हळू केली. धाड, धाड, धाड! आता एकही खड्डा सुटेना. माझे दात एकमेकांवर आपटत होते. मी बोलत होते ते मलाच शेळीचं वाटत होतं.

"व-व-वहिनी, टॉवर प-प-पडतोय!"

"प-प-पडत नाही, क-क-कलतोय!"

"द-द-दादा म्हणाला होता, क-क-कलणार नाही!"

"गाडी कलत नाहीये!" आजोबा पुढून अभिमानाने ओरडले. "टॉवरचं मी बोललो नव्हतो!"

शेजारून एक हातगाडीवाला गव्हाची पोती घेऊन आमच्या पुढे गेला. जाताना त्याने आत डोकावून माझ्या मांडीवर साचत चाललेल्या शंकरपाळ्यांकडे पाहिलं आणि हळहळला. मग एक मोठा खड्डा आला. राजाबाई टॉवरचा वरचा अर्धा भाग सावकाश, अगदी प्रतिष्ठेने, शालूच्या पदरात बसला. खालचा अर्धा माझ्या. उरलेल्या रस्त्याने त्याचा दोन्ही बाजूंनी पद्धतशीर चुरा केला.

"पण वळणावर एकदा तरी झोल गेला का?" मुलुंड आल्यावर आजोबांनी विचारलं.

भांडुप ते मुलुंड आग्रा रोडला म्हणण्यासारखं वळणच नाही.

हॉलच्या फाटकात एक रुंद उंचवटा होता. "उतरा" म्हणायचं भान आजोबांना राहिलं नाही. गाडी त्यावर अर्धी चढली आणि पोटावर बसली. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, दोन्ही अधांतरी. आम्ही उतरलो, तरी हलेना. फाटक अडलं. आणि नेमक्या त्याच वेळी मागून बॅंड वाजवत नवऱ्याकडची मंडळी आली!

सगळ्यात पुढे मुकुंद, फेट्यात. त्याच्या शेजारी आत्याबाई. बॅंड थांबला. मुकुंदाने एकदा गाडीकडे पाहिलं आणि कोटाच्या बाह्या सारून सरळ मागून ढकलायला लागला. शालूनेही पदर खोचला. पदरातला अर्धा टॉवर माझ्या ताटात ओतला आणि दुसऱ्या बाजूने हात लावला.

"गे, गे, गे!" सासूबाई हॉलच्या पायऱ्यांवरून धावत आल्या. (त्या केव्हाच पोचल्या होत्या. लाडू मांडूनसुद्धा झाले होते.) "अंतरपाटाआधी तोंडा बघतत!" मंगलाष्टकं संपेपर्यंत नवरा-नवरीने एकमेकांना बघू नये म्हणून मध्ये वस्त्र धरतात, तो अंतरपाट. सासूबाईंनी इकडे तिकडे पाहिलं, गाडीच्या डिकीतून तिचं धुळीने माखलेलं आवरण ओढून काढलं, एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं आत्याबाईंच्या हातात दिलं. "धरा गे!" आत्याबाईंच्या आयुष्यात त्यांना कुणी असं फर्मावलं नसेल. त्यांनी निमूट धरलं.

तर तुमच्या शालूआजीचं लग्न असं लागलं: डिकीच्या एका बाजूला नवरा, एका बाजूला नवरी, मध्ये गाडीचं आवरण, आणि दोघंही खाली मान घालून, पण लाजेने नव्हे, जोर लावण्यासाठी. तावडे सफारी घालून पाहुण्यांत हजर होते. गाडी जराशी हलली तसे त्यांनी खड्या आवाजात म्हटलं, "शुभ मंगल सावधाऽऽन!" आणि गाडी एक हिसका देऊन पलीकडे गेली. कुणीतरी अक्षतासुद्धा टाकल्या.

आवरणाआडून शालू माझ्या कानाशी आली. "वहिनी," ती धापा टाकत म्हणाली, "चांगला आहे गं. जोर लावतो."

मला मात्र त्या वेळी जावयाचं कौतुक करायला फुरसत नव्हती. माझ्या हातात चुऱ्याने भरलेलं ताट होतं, आणि समोर रुखवताच्या टेबलावर सासूबाईंच्या लाडवांचा एकही कण न हललेला डोंगर. शालूसाठी मी आत्याबाईंना दाखवायला काय आणलं होतं, तर हे. पण शिस्त ती शिस्त. टेबलावर माझी जागा ठरलेली होती. तिथे मी ताट ठेवलं, चुरा चमच्याने नीट पसरून सारखा केला आणि पुढे ती पाटी उभी केली. पाटीला काहीच झालं नव्हतं.

आत्याबाई आल्या. हात धुळीने काळे. त्यांनी चष्मा लावून पाटी वाचली. ताटाकडे पाहिलं. पुन्हा पाटी वाचली.

"अगो बाई!" त्या म्हणाल्या. "कधी पडला? पेपरात काहीच आलं नाही!"

सगळा हॉल हसला. तावडे तर खुर्चीवरून घसरले. शालू हसली, मुकुंद हसला. आजोबा हसत नव्हते, कारण ते बाहेर गाडीखाली वाकून काय काय लोंबतंय ते बघत होते. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आणि मनातल्या मनात विद्यापीठाला पदवी परत केली.

मग आत लग्न रीतसर पुन्हा लागलं आणि पंगती बसल्या. सासूबाईंनी कुणाला न विचारता चुऱ्याचं ताट उचललं, त्यावर थोडं साजूक तूप सोडलं आणि वाढायला सुरुवात केली. "टाकूचा कशाक? खातत." आत्याबाईंनी चमचाभर तोंडात टाकला. थांबल्या. आणखी एक चमचा. तिसऱ्या चमच्याला त्यांच्या दाताखाली काहीतरी कचकन लागलं. त्यांनी ते तोंडातून काढलं, पदराने पुसलं, उजेडात धरलं. माझं घड्याळ! चालू होतं.

"आमच्याकडे वेलची घालतात," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे घड्याळ?"

मी पुढे होऊन ते घेतलं. तोंडून निघालं, "काहीतरीच... वेळ कुठे होता!"

आत्याबाई अशा हसल्या की त्यांना ठसका लागला. शालूला त्यांनी जवळ ओढलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "दोन-दोन टेबलं पाहिली गं, पण रुखवतात हसले आजच. वाढा अजून थोडं त्या टॉवरचं."

आजोबांनी ते काळे भाग आणखी वर्षभर वापरले आणि पाठीला पट्टा लागल्यावर काढले. स्प्रिंगांपैकी एक तावड्यांनी मागून नेली. गॅलरीचं दार उघडं राहावं म्हणून ते ती मध्ये ठेवत. आणि ठाण्याच्या घरात आजही कुणाचं लग्न ठरलं की मला निरोप येतो: "वहिनी, तो टॉवरचा चुरा करून आणा." इंग्रजी घेऊन काय शिकलात, हे मला आजपर्यंत कुणी विचारलेलं नाही, चुऱ्याची कृती मात्र सगळे विचारतात. मी ती कुणाला सांगत नाही. सांगितली तर कोण विश्वास ठेवणार?

तर निखिल, नवे भाग खुशाल बसव. लग्न ठरव, मी येते. शंकरपाळे मी करीन, पाक मी करीन, टॉवर मी उभा करीन. गाडी तुझी आहेच. आग्रा रोडसारखा एखादा रस्ता तेवढा तिकडे शोधून ठेव. आणि मी मागच्या सीटवरून "हळू चालव, हळू चालव" म्हणून ओरडायला लागले की माझं नक्की ऐक. त्याशिवाय चुरा बारीक होत नाही.